दरमहा एक विषय, दरमहा एक पिशवी: एका शिवणगटाचा प्रकरण अभ्यास

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सहा जणींच्या एका शिवणगटाने घरोघरच्या अपुऱ्या राहिलेल्या पिशव्या मोजल्या. अकरा भरल्या. त्यांतल्या चार कापून पडल्या होत्या, आणि सातांचे कापड, चेन, निवार दुकानातून आणल्या तशा गाठीत बांधलेल्या होत्या. जानेवारीत याच गटाने मोठ्या हौसेने ठरवले होते, की दर महिन्याला एक विषय घ्यायचा आणि त्या विषयाची एक पिशवी शिवायची. जानेवारीत सहाही जणींची पिशवी झाली, फेब्रुवारीत चौघींची, मार्चमध्ये दोघींची आणि एप्रिलमध्ये एकीची.

हे प्रकरण कुण्या एका गावचे किंवा ठरावीक माणसांचे नाही. घरगुती शिवणगट ज्या जागी पुन्हा पुन्हा अडतात, त्या जागा एका गटात आणून मांडल्या आहेत. मापे, कापडे, चुका आणि त्यांवरचे उपाय मात्र रोजच्या कामातले आहेत.

गटाची परिस्थिती नेहमीचीच. चौघींकडे पायाने चालणारे काळे मशीन, त्यांतल्या दोन मशीनना मोटर बसवलेली, आणि दोघींकडे झिगझॅगचे छोटे विजेचे मशीन. ब्लाउज, फॉल-पिको, लहान मुलांचे कपडे सगळ्यांना येतात. पिशवी शिवण्याचा सराव कमी. वेळ मिळतो तो दुपारी, जेवणानंतरचा तासभर, आणि तोही रोज नाही. सहापैकी एक जण पिशव्या विकते, बाकीच्या घरासाठी आणि देण्याघेण्यासाठी शिवतात.

चार महिन्यांत हौस का आटली, याचे उत्तर गटातच तयार होते: कंटाळा आला, वेळ मिळत नाही, मशीन साथ देत नाही. तिन्ही खरे आहे. पण कंटाळा आणि वेळ ही कारणे जानेवारीतही होतीच, तरी तेव्हा सहा पिशव्या झाल्या. म्हणून आधी विषयांकडे पाहिले.

जानेवारीचा विषय होता संक्रांतीच्या वाणाची पिशवी, फेब्रुवारीचा लाल रंग, मार्चचा निसर्ग आणि एप्रिलचा प्रवास. वाणाची पिशवी म्हटल्यावर फार काही ठरवायचे उरत नाही. आकार छोटा, कापड साधे, बंद नाडीचे, आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते म्हणून मुदत आपोआप पडलेली. ‘निसर्ग’ म्हटल्यावर मात्र सगळेच ठरवायचे राहते. पानाच्या छापाचे कापड घ्यायचे, की हिरव्या कापडावर फुले भरायची? खांद्याची पिशवी, की हातातली? दुपारचा तो एक तास फोनवर चित्रे बघण्यात जातो, आणि पाचव्या दुपारी मनात सहा पिशव्या असतात, मशीनवर एकही नसते. शिवणाऱ्या बाईला कल्पनांची वानवा कधीच नसते. दमवतात ते एकामागून एक घ्यावे लागणारे निर्णय. विषयाचे काम ते निर्णय कमी करण्याचे आहे, आणि ‘निसर्ग’सारखा विषय ते वाढवतो.

एप्रिलच्या ‘प्रवास’ने वेगळीच गोची केली. विषय ऐकून पाच जणींनी प्रवासाची मोठी बॅग धरली: बाहेरून कॅनव्हास, मध्ये फोम, आतून अस्तर, कडेने पायपीन (आत दोरी भरलेली कापडी पट्टी), वर दुतर्फा उघडणारी चेन आणि निवारीचे पट्टे. पायपीन आणि फोम पाचही जणी पहिल्यांदाच वापरत होत्या. शिवण जिथे कोपऱ्यात वळते तिथे कॅनव्हासचे दोन थर, फोमचे दोन, अस्तराचे दोन आणि पायपीनच्या पट्टीचे दोन, शिवाय आतली दोरी, एवढे सगळे एका जागी येते. घरगुती मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, तेवढा वर उचलला जात नाही. खालचे दात कापड पुढे ढकलू शकत नाहीत, म्हणून बाई हाताने ओढते. ओढल्यावर सुई वाकते, पट्टीवर आपटते आणि तुटते. दोन सुया तुटल्या की मशीनवर कव्हर पडते. मशीन बिघडलेले नसते. एकाच महिन्यात चार नव्या गोष्टी एका पिशवीत कोंबल्याचा तो परिणाम असतो. ‘प्रवास’ऐवजी ‘शबनम, एकच पट्टा, अस्तर नाही’ एवढे सांगितले असते, तर एप्रिल पार पडला असता.

मेमध्ये बदललेले नियम

गटाने मेमध्ये नवी पिशवी घेतली नाही, फक्त नियम बदलले.

पहिला बदल विषय सांगण्याच्या रीतीत. विषयात तीन गोष्टी बांधून द्यायच्या: पिशवी कशासाठी, तयार माप काय, आणि या महिन्यात नवे शिकायचे ते एकच काय. रंग, कापड, नक्षी ज्याची त्याने ठरवावी. मोकळीक हवीच, पण ती कापडात असावी, रचनेत नको.

दुसरा बदल तारखांचा. पाच तारखेला कागदावरचा कापणीचा नमुना तयार, दहा तारखेला कापड कापलेले, वीस तारखेला जोडणी, पंचवीसला पिशवी उलटी करून आतल्या बाजूचा फोटो गटावर. उरलेले पाच दिवस उसवून नीट करायला. यातली दहा तारीख सगळ्यांत महत्त्वाची आहे, आमच्या मते बाकी तिन्हींपेक्षा जास्त. गाठीत बांधलेले कापड कितीही दिवस थांबते. कापलेले तुकडे मशीनशेजारी ताटात रचलेले असले, की येता-जाता हात जातो, एक टीप मारली जाते, मग दुसरी. शिवाय कापताना मापाचे, सरळ धाग्याचे, छाप कोणत्या बाजूला यायचा याचे सगळे निर्णय होऊन जातात, आणि पुढे उरते ते हाताचे काम. मेमध्ये मोजलेल्या अकरांपैकी सात कापणीच्या आधीच थांबल्या होत्या, हे याच्याशी जुळते.

तिसरा बदल आधी किरकोळ वाटतो. पहिल्या चार महिन्यांत गट दर महिन्याला मत देऊन सुंदर पिशवी निवडत होता. झिगझॅगवाल्या दोघींपैकी एकीचीच निवड दरवेळी व्हायची, आणि बाकीच्यांनी फोटो टाकणे हळूहळू कमी केले. आता निवड बंद, आणि फोटो बाहेरचा नाही, आतल्या बाजूचा. आतली बाजू दाखवायची म्हटल्यावर धागे कापले जातात, शिवणीच्या कडा गोटाने झाकल्या जातात, आणि बघणारीला ‘छान’च्या पुढे काहीतरी बोलता येते: इथे उलटी टीप घे, इथे कोपरा अर्धा सेंमी सरकलाय.

पिशवी ‘झाली’ कधी म्हणायची, तेही ठरवले. भाजीच्या किंवा डब्याच्या पिशवीत तांदळाची पाच किलोची थैली घालून ती दहा मिनिटे खुंटीला टांगायची. पट्ट्याच्या मुळाशी टाके उघडलेले दिसले, तर पिशवी झाली नाही. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून बाजाराची बरीच भिस्त कापडी पिशवीवर आहे, आणि बंद तुटलेली पिशवी घेऊन बाजारातून परतणे काय असते ते सगळ्यांना माहीत आहे.

खर्चाला हद्द घातली: महिन्याला पदरचे शंभर रुपये, बाकी कापड घरातल्या साठ्यातले. आधीच्या रीतीत दर विषयाला नवे सामान यायचे, कधी डी-रिंगा, कधी चुंबकी बटणे, कधी तोटीचे हुक, आणि अपुऱ्या पिशवीबरोबर तेही पडून राहायचे.

विषय पंचांगाला बांधायचे, पण एक महिना आधी

मुदतीसाठी इंग्रजी महिनाच बरा. दूध, शाळेची फी, पगार, सगळे त्यावर चालते. सण मात्र त्या महिन्यात मावत नाहीत. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला आली, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. दिवाळीही तशीच पुढेमागे होते. वर्षाचे बारा विषय जानेवारीत बसून ठरवले आणि सप्टेंबरसमोर ‘गणपती’ लिहिले, की एखाद्या वर्षी विषय सुरू होण्याआधीच विसर्जन जवळ येते. स्वयंपाकघरात दिनदर्शिका टांगलेली असतेच. विषय ठरवताना ती खाली उतरवून समोर घ्यावी.

दुसरी गोष्ट अशी, की सणाची पिशवी सणाच्या महिन्यात शिवायला घेणे म्हणजे उशीर झाला. त्या महिन्यात घर झाडणे, फराळ, पाहुणे असतात. वाण जानेवारीत लागते, म्हणजे ते डिसेंबरचे काम. दिवाळीला द्यायचे पाऊच नवरात्र संपायच्या आत कापलेले हवेत. आणि ज्या महिन्यात घरी गौरी-गणपती असतात, त्या महिन्यात नवा विषय घेऊच नये. गटाने तो महिना अपुऱ्या पिशव्यांचा ठेवला: नवे कापड कापायचे नाही, जुने संपवायचे.

जून: डब्याची पिशवी

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, म्हणून या महिन्याच्या तारखा आठवडाभर अलीकडे घेतल्या. तयार माप: रुंदी २४ सेंमी, उंची २० सेंमी, तळ १२ सेंमी. नवे शिकायचे ते एक: चौकोनी तळ. अस्तर नाही, चेन नाही.

कापड: डक (जाड सुती कापड) किंवा मध्यम कॅनव्हास, ३६ इंची पन्ह्याचे अर्धा मीटर. आधी धुवायचे. कोऱ्या सुती कापडात खळ असते, आणि पहिल्या धुण्यात मीटरमागे चार-पाच सेंमी सहज आटते. न धुता शिवलेली पिशवी पहिल्या धुण्यानंतर डब्याला अपुरी पडते आणि शिवणीजवळ चुण्या येतात.

कापणी: ३८ बाय ३१ सेंमीचे दोन तुकडे आणि पट्ट्यांसाठी ४५ बाय १० सेंमीचे दोन. शिवणीची माया, म्हणजे टिपेबाहेर सोडायचे कापड, सगळीकडे १ सेंमी. ३८ चा हिशोब असा: २४ रुंदी, १२ तळ, २ माया. ३१ चा असा: २० उंची, ६ म्हणजे तळाचा निम्मा, १ माया, ४ वरची दुमड.

दोन्ही तुकडे सुलट बाजू आत ठेवून बाजू आणि तळ शिवून घ्यावेत. सुई १६ नंबर, टाका ३ मिमी. कडांना सव्वा मीटर गोटपट्टी लागते. बाजू आणि तळाच्या कडांना ती कोपरे करण्याआधीच बसवावी, नंतर फूट आत शिरत नाही. मग एका कोपऱ्यात बाजूची शिवण आणि तळाची शिवण एकमेकींवर आणायच्या, म्हणजे कापडाचा त्रिकोण होतो. त्याच्या टोकापासून शिवणीवर ६ सेंमी मोजून आडवी रेघ मारायची. रेघेची लांबी बरोबर १२ सेंमी भरली पाहिजे. तिच्यावर दोनदा टीप, मग १ सेंमी माया ठेवून टोक कापायचे आणि कडेला गोट.

सहापैकी चौघींचा तळ पहिल्या वेळी चुकला, आणि चौघींची चूक एकच. त्यांनी ६ सेंमी शिवणीच्या टोकापासून न मोजता कापडाच्या टोकापासून मोजले. माया त्यात गेली, रेघ १२ ऐवजी १० च्या आसपास भरली, आणि तळ अरुंद होऊन डबा कलंडू लागला. उपाय सोपा आहे: टोकापासूनच्या मापावर भरवसा न ठेवता आडव्या रेघेची लांबी मोजायची. ज्यांना मोजामोज नको, त्यांनी शिवण्याआधी दोन्ही तुकड्यांच्या खालच्या कोपऱ्यांतून ६ बाय ६ सेंमीचे चौकोन कापून टाकावेत. माया सगळीकडे सारखी असेल तर हे ६ सेंमी कापडाच्या कडेपासून मोजले तरी चालते, तळ १२ च येतो. कोपऱ्याच्या आत १ सेंमी सरकून टीप पडते, त्यात मायेची भरपाई होते.

पट्ट्यांनी दुसरी अडचण आणली. पट्टा चौपदरी, वरची दुमड तिपदरी, असे सात थर कॅनव्हासचे. काळे मशीन हे शिवू शकते, पण त्याला तयार करावे लागते. ती जागा आधी लाकडी पाटावर ठेवून हातोडीने ठोकून चपटी करायची. सुई १८ नंबरची लावायची. फूट चढावर चढताना मागून खाली राहतो आणि टाका बारीक होऊन अडकतो, म्हणून त्याच्या मागच्या भागाखाली कॅनव्हासची दुपदरी-चौपदरी घडी सरकवायची, म्हणजे फूट सपाट राहतो. ही चार-पाच टाक्यांची जागा मोटर न वापरता हाताने चाक फिरवून पार करायची. पट्ट्याच्या मुळाशी चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारली, की ओझे चारही बाजूंना वाटले जाते. नुसत्या एका आडव्या टिपेवर सगळा भार येतो आणि ती पहिल्या आठवड्यात उसवते.

एकूण काम सव्वातीन तासांचे भरले: बेतणे आणि कापणे पाऊण तास, पट्टे आणि इस्त्री अर्धा-पाऊण तास, जोडणी तासभर, कोपरे आणि गोट पाऊण तास. दुपारच्या चार बैठका. आधी ‘वेळ मिळत नाही’ म्हणणाऱ्यांना चार हा आकडा झेपण्यासारखा वाटला. जूनमध्ये पाच पिशव्या झाल्या.

जुलै आणि श्रावण

जुलैचा आकार तोच ठेवला, फक्त कापड बदलले: मोडक्या छत्रीचे. एका मोठ्या, आठ काड्यांच्या छत्रीतून डब्याच्या दोन पिशव्या निघतात. काड्यांना बांधलेले टाके कापून कापड सोडवायचे, धुवायचे, मधोमध दुमडायचे, आणि दुमडीच्या मध्याशी असलेले टोपीचे भोक दोन नमुन्यांच्या मधे येईल असे बेतायचे. पट्ट्यांना निवार.

या कापडाला टाचण्या लावायच्या नाहीत. पडलेले भोक बुजत नाही आणि तिथून पाणी झिरपते. वाळत घालायचे चिमटे लावावेत. सुई ११ नंबर, दोरा पॉलिस्टरचा, टाका ३ मिमीच्या खाली नको. बारीक टाक्याने पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होते आणि कापड तिथेच फाटते. कापड दातांवरून घसरत असेल, तर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवावे आणि नंतर ती फाडून काढावी. इस्त्री अगदी मंद, वर सुती कापड ठेवून. कडक इस्त्रीने कापड आक्रसते आणि मग काही करता येत नाही.

तोच आकार पुन्हा घ्यायचा म्हटल्यावर गटात नाराजी होती. पण जूनमध्ये चुकलेला तळ चौघींनी जुलैमध्ये न उसवता बसवला. नवे कापड आणि जुनी रचना ही जोडी आम्हाला सगळ्यांत फलदायी वाटते: हातांना ओळखीचे काम, डोळ्यांना नवे.

श्रावणात खणाचा बटवा होता, आणि चौघींचाच झाला. खण कापताक्षणी सुटतो. त्याच्या मागे पातळ मांजरपाट धावदोऱ्याने जोडून मगच कापावा आणि माया दीड सेंमी ठेवावी. एवढी काळजी घेतली तर बटवा दोन बैठकांत होतो. राहिलेल्या दोघींपैकी एकीने याच महिन्यात गट सोडला. तिला हाताचे भरतकाम आवडते, मशीनवरची जोडणी नाही, आणि विषय कितीही चांगला निवडला तरी ते बदलणार नव्हते.

पिशव्या विकणारीचा प्रश्न निराळा. तिला सणाच्या आधी मागणी असते, आणि गटाची पिशवी हे वरचे ओझे वाटू लागले. तिने गटाच्या मापाची पिशवी विक्रीचा नमुना म्हणून शिवायला सुरुवात केली, म्हणजे एकाच कापणीत गटाची आणि गिऱ्हाइकाची. डब्याच्या पिशवीचा पुठ्ठ्याचा नमुना तिने कापून ठेवला, आणि त्यामुळे बाकीच्यांच्याही बेतण्याच्या बैठकीतला निम्मा वेळ वाचला.

अपुऱ्यांचा महिना

गणपतीच्या महिन्यात सगळे मिळून पंधरा अपुरी कामे होती: मेमधली अकरा आणि नंतर साठलेली चार. प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न: हे पुरे व्हायला किती बैठका? एक किंवा दोन असतील तर पुरे करायचे. तीनपेक्षा जास्त असतील आणि कापड चांगले असेल तर उसवून सामान परत साठ्यात. राहिलेले ज्याला हवे त्याला देऊन टाकायचे. आठ पुऱ्या झाल्या, चार उसवल्या, तीन दिल्या. प्रवासाच्या पाच बॅगांपैकी पुरी झालेली अशी एकच होती, ती एप्रिलमधली. राहिलेल्या चार उसवल्या, आणि त्यांतल्या चेनी पुढच्या विषयांना लागल्या.

उसवण्याला कमीपणा मानू नये. कपाटातली अर्धी पिशवी दर वेळी दार उघडल्यावर टोचते, आणि त्या टोचणीने नव्या पिशवीचा हुरूपही जातो.

नवरात्र: नऊ पट्ट्या

नवरात्रीचे नऊ रंग हा विषय गटाने स्वतःहून मागितला. घराघरांत त्या रंगांचे ब्लाउजचे तुकडे पडलेले असतातच. तयार रुंदी ३६ सेंमी, म्हणजे प्रत्येकी ४ सेंमीच्या नऊ पट्ट्या. पाऊण सेंमी माया धरून प्रत्येक पट्टी साडेपाच सेंमी कापायची. जोडल्यावर पट ३७.५ सेंमी भरतो, बाजूच्या माया धरून. पुढच्या भागाला हा पट, मागच्याला सलग कापड.

एका मिलिमीटरने काय होते, ते या कामात दिसते. नऊ पट्ट्यांत आठ शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत माया पाऊण सेंमीपेक्षा एक मिमी जास्त गेली, तर दोन्ही पट्ट्यांकडून मिळून दोन मिमी जातात, आठ शिवणींत १६ मिमी. एकीचा पट ३५.९ भरला आणि मागचा सलग भाग ३७.५ चा. तिने तो ओढून जोडला, म्हणून पिशवीची पुढची बाजू आत ओढल्यासारखी दिसू लागली. असे झाले तर पुढचा भाग ताणू नये, मागचा भाग कापून बारीक करावा. आणि हे होऊच नये म्हणून मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाऊण सेंमीवर चिकटपट्टी लावावी आणि कापडाची कड तिला घासत न्यावी. तीन पट्ट्या जोडल्या की मोजायचे. तिसऱ्यानंतर चूक सापडली तर दोन शिवणी उसवाव्या लागतात, नवव्यानंतर सापडली तर आठ.

रेशमी आणि सुती तुकडे एकत्र आले, की रेशमी पट्टी घसरते आणि शेवटाला एक-दीड सेंमी लांब निघते. रेशमी पट्टी खाली, दातांकडे ठेवावी, म्हणजे दात तिला आवरतात. एक शिवण वरून खाली, पुढची खालून वर मारली तर पट तिरका होत नाही. पाचही जणींच्या पिशव्या झाल्या, आणि वर्षातल्या ज्या पिशव्या घरातल्या इतरांनी मागून घेतल्या त्या याच.

दिवाळीच्या पाऊचमध्ये नवी गोष्ट चेनची. पाच नंबरची नायलॉन चेन मीटरवर घ्यावी, रनर वेगळा मिळतो. चेन कापडापेक्षा २ सेंमी आखूड कापून दोन्ही टोकांना कापडाचे छोटे तुकडे जोडावेत. चेनचे दात बाजूच्या शिवणीत गेले तर सुई त्यांवर अडखळते आणि पाऊचचे कोपरे दबून आत जातात. कापडी टोके लावली की कोपरा नीट बाहेर येतो. आणि उलटे शिवताना चेन अर्धी उघडी ठेवायची. बंद चेनचे पाऊच सुलट करता येत नाही. हे सगळ्यांना माहीत असते, तरी दर गटात एकीचे तसे होतेच.

डिसेंबर

डिसेंबरसाठी जुन्या साडीच्या गोधडीची पिशवी ठरली होती. पंचांग समोर घेतल्यावर ती फेब्रुवारीत ढकलली, कारण वाणाच्या पिशव्या आता कापायला हव्यात. या वेळी एकेक नाही: गटाने मिळून चोवीस, नाडीच्या, प्रत्येकी २० बाय ५० सेंमी कापडाच्या, मधोमध दुमडून. ३६ इंची पन्ह्यात आडव्या चार बसतात, मीटरमध्ये उभ्या दोन, म्हणजे मीटरला आठ आणि चोवीसला तीन मीटर. कागदावर तीन मीटर पुरतात, पण धुतल्यावर पुरत नाहीत. शेवटच्या ओळीला कापड चार-पाच बोटे तोकडे पडले, तरी चार पिशव्या गेल्या. म्हणून सव्वातीन मीटर मांजरपाट आणले, रात्री भिजवले, सकाळी न पिळता दोरीवर टाकले. किंचित ओलसर असतानाच इस्त्री करून दहा तारखेच्या आत कापायचे आहे.